केनियाची सफारी: आधी लेन्स की आधी गाडी?

परभणीच्या एका सरांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: येत्या सप्टेंबरात ते, त्यांच्या पत्नी आणि कॉलेजात शिकणारी मुलगी असे तिघं सात रात्रींसाठी केनियाला निघाले आहेत. घरात निकॉनचा डी5600 आहे, सोबत 18-55 आणि 70-300 मिलिमीटरच्या दोन लेन्स (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). टूरवाल्यांची दोन कोटेशनं आली आहेत, एक माणशी 2,15,000 चं आणि दुसरं माणशी 3,00,000 चं. सगळं 10 लाखांत बसवायचंय. स्वस्त टूर घेतली तर तिघांचे मिळून अडीच लाख वाचतात, त्यातून नवी मिररलेस (आत आरसा नसलेली, नव्या पद्धतीची) कॅमेरा बॉडी आणि 600 पर्यंत जाणारी लेन्स घ्यावी का? कारण, त्यांच्याच शब्दांत, "आयुष्यात एकदाच जाणार, फोटो तरी चांगले यावेत."

सर, नमस्कार. मी लातूरचा. माझा स्टुडिओ आहे. लग्नसराई संपली की मी रानात असतो. 2013 पासून केनिया आणि टांझानिया मिळून नऊ वेळा जाऊन आलो, त्यातल्या पाच वेळा छोट्या गटांबरोबर फोटो शिकवायला. कुठल्याही टूरवाल्याचं कमिशन घेत नाही, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

तुम्ही प्रश्न कॅमेऱ्याचा म्हणून विचारलात, पण मला तो तासांचा वाटतो. चांगला उजेड असताना, प्राण्याच्या जवळ, हात-कोपर मोकळे ठेवता येतील अशा जागी बसून तुम्हाला एकूण किती तास मिळणार? ते तास मिळाले तर साधी लेन्सही काम करते. ते मिळालेच नाहीत तर 600 ची लेन्स मांडीवर घेऊन बसावं लागतं. म्हणून माझं मत आधीच सांगतो: तीन लाखांची टूर घ्या, नवीन काही विकत घेऊ नका, लेन्स भाड्याने न्या. अडीच लाख ही नोकरदार माणसाला लहान रक्कम नाही, म्हणून हिशेब नीट मांडतो.

स्वस्त कोटेशनमध्ये सात रात्रींत पाच ठिकाणं आहेत: अंबोसेलीत दोन रात्री, नैवाशात एक, नाकुरूत एक, मसाई मारात दोन आणि नैरोबीत एक. कागदावर हे भरगच्च दिसतं. आता नकाशा उघडून बघा. नैरोबीहून मारा साधारण 270 किलोमीटर, म्हणजे पाच-सहा तास. अंबोसेलीहून नैवाशाला जायचं तर परत नैरोबीवरूनच, त्यात जवळजवळ अख्खा दिवस जातो. आपण लातूरहून पुण्याला जातो तेवढा प्रवास दर दोन दिवसांनी. मारात दोन रात्री म्हणजे पहिल्या दिवशी जेवणाच्या सुमाराला पोचायचं, संध्याकाळी तीनेक तास फिरायचं, दुसरा दिवस पूर्ण आणि तिसऱ्या दिवशी नाश्ता करून निघायचं. हातात येतो दीड दिवस, फार तर 13-14 तास.

दुसऱ्या कोटेशनमध्ये नैरोबीत एक रात्र, मारात चार, नैवाशात दोन. मारात साडेतीन दिवस, म्हणजे 33-34 तास. त्याहून महत्त्वाच्या आहेत सकाळी. मारा विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास मावळतो. फोटोचा उजेड सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचा शेवटचा दीड तास. सिंह, तरस, चित्ता हेसुद्धा त्याच वेळात हलतात. पहिल्या टूरमध्ये मारातली पूर्ण सकाळ एकच आहे. त्या सकाळी पाऊस लागला, गाडी रुतली किंवा नुसतंच काही दिसलं नाही, तर दुसरी नाही. तुमच्या दुसऱ्या टूरमध्ये तशा तीन आहेत.

आता माणशी 85 हजारांचा फरक कुठून येतो ते बघा. मसाई मारा राखीव क्षेत्राचं परदेशी प्रौढ पर्यटकाचं तिकीट 2024 पासून जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे, आणि ते सकाळी सहा ते संध्याकाळी सहा अशा 12 तासांचं. मुक्काम आतल्या कॅम्पला असेल तर निघायच्या दिवशी सकाळी 10 पर्यंत बाहेर पडावं लागतं. म्हणजे दोन रात्रींना दोन तिकिटं आणि चार रात्रींना चार. दोन तिकिटांचा फरक 400 डॉलर, आपले साधारण 34-36 हजार रुपये. 85 हजारांतले एवढे तर सरळ फाटकावरच जातात. उरलेल्यातला मोठा भाग गाडीचा. एका गाडीचा खर्च सात जणांत वाटला तर वेगळा आणि चौघांत वाटला तर वेगळा. महाग टूरवाला तुम्हाला लुटतोय असं या आकड्यांवरून तरी दिसत नाही.

गाडीवर मला थोडं सविस्तर बोलायचंय. पहिल्या कोटेशनमध्ये 'सफारी व्हॅन, सात जण' असं आहे. ही मिनीव्हॅन, छत वर उचललं जाणारी. उभं राहून बघता येतं, खिडक्याही आहेत. पण प्राणी एका वेळी एकाच बाजूला असतो, आणि सातही जण त्या बाजूला येतात. 2015 च्या सप्टेंबरात मी असाच एका टूरबरोबर गेलो होतो. एका मित्राची 150-600 लेन्स मुद्दाम मागून नेली होती. 'प्रत्येकाला खिडकी' असं बुकिंगच्या वेळी फोनवर सांगितलं होतं, लेखी काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तालेक नदीच्या काठच्या एका झाडावरून बिबट्या उतरला. गाडीच्या डाव्या अंगाला, जेमतेम 20 मीटरवर. मी उजव्या बाजूला मधल्या रांगेत. बिबट्या गवतात शिरेपर्यंत चार मिनिटं मिळाली असतील. त्या चार मिनिटांतले माझे फोटो अजून जपून ठेवलेत: एकात पुढच्या काकांचं कोपर, एकात कुणाची तरी टोपी, एकात गवतातून वर आलेलं शेपटाचं टोक. एवढ्या लांब लेन्सला गाडीच्या आत फिरायलाही जागा नव्हती. त्यात माणसं उभी-बसती झाली की गाडी हलते, आणि 600 वर तो हेलकावा फोटोत स्पष्ट उतरतो.

गाडीतल्या माणसांचा दोष नव्हता. कुणाला पुढचा प्राणी बघायचा होता, एका मावशींना शौचाला जायचं होतं, कुणाला भूक लागली होती. सात माणसांच्या सात गरजा असतात आणि थांबायचं की निघायचं हे सगळ्यांच्या मताने ठरतं. फोटोला लागतो तो थांबण्याचा अधिकार. तो चौघांच्या गाडीत मिळतो, आणि त्यातले तिघं तुम्ही घरचेच आहात. शक्य असेल तर त्या टूरवाल्याला विचारा की चौथी जागा रिकामी ठेवायला किती जादा लागतील. कधी कधी आकडा वाटतो त्यापेक्षा कमी निघतो.

दुसरी गोष्ट गाइडची. केनियात बहुतेक वेळा ड्रायव्हर आणि गाइड एकच माणूस असतो. 2018 ला आम्ही चौघं एका लँड क्रूझरमध्ये होतो. सकाळी सातच्या सुमाराला आमच्या गाइडने मोकळ्या माळावर गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. आम्हाला काहीच दिसेना. त्याने बोट दाखवलं: थॉमसन गझेल हरणांचा पन्नासेकांचा कळप, चरणं थांबलेलं आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. आपल्याकडे धनगर मेंढरांच्या उभ्या राहण्यावरून लांडगा कुठे आहे ते ओळखतो ना, अगदी तसं. रस्ता त्याच दिशेने वळत होता, तिथे पुढे जाऊन आम्ही जवळजवळ दोन तास नुसते बसलो. मग गवतातून एक चित्तीण उठली, मागोमाग चार पिल्लं, आणि आमच्यापासून 15-16 मीटरवरच्या वारुळावर ती चढून बसली. सकाळचा उजेड तिच्या तोंडावर होता. माझ्या स्टुडिओत आत शिरताच समोर लावलेला फोटो त्या सकाळचा आहे, आणि तो 70-300 लेन्सने 240 वर काढलेला आहे. तुमच्याकडे आहे तशीच लेन्स.

म्हणून गाइडची चौकशी लेन्सइतकीच बारकाईने करा. केनियात व्यावसायिक सफारी गाइडांची संघटना आहे, केपीएसजीए. ती परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे दर्जे देते. तुमच्या गाइडचा दर्जा काय, मारात त्याने किती हंगाम काढलेत, हे विचारलं की चांगला टूरवाला दोन दिवसांत उत्तर देतो. नसेल द्यायचं तर 'आमचे सगळे गाइड अनुभवी आहेत' एवढंच येतं. त्यावरूनही बरंच कळतं.

आणि एक कळकळीची विनंती. गाडी अजून जवळ घे म्हणून गाइडच्या मागे लागू नका, जादा टिपचं आमिष दाखवू नका. राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी नेता येत नाही आणि एका प्राण्याभोवती पाचापेक्षा जास्त गाड्या उभ्या करायच्या नाहीत असा नियम आहे. तो मोडलेला रोज दिसतो. मारातल्या चित्त्यांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची गर्दी कमी असलेल्या भागात एका वेतातली सरासरी 2.3 पिल्लं जगून स्वतंत्र झाली, भरपूर गर्दीच्या भागात फक्त 0.2. आपल्या देशातून चित्ता संपल्याचं 1952 साली जाहीर झालं आणि परत आणायला 2022 उजाडलं. ज्याच्याकडे अजून आहे त्याच्याकडे जाऊन आपण तरी तो जपला पाहिजे.

कॅम्प नेमका कुठे आहे, हा तिसरा मुद्दा लोक विचारतच नाहीत. 'मारा येथे मुक्काम' एवढ्या शब्दांत काहीही बसतं. कॅम्पचं नाव घ्या, नकाशावर टाका, तो राखीव क्षेत्राच्या आत आहे की बाहेर, सेकेनानी किंवा तालेक यांपैकी कोणतं फाटक जवळ आहे आणि तिथे पोचायला किती मिनिटं लागतात ते बघा. फाटकापासून पाऊण तास लांब असाल तर तुमचा सोनेरी उजेड धुळीच्या रस्त्यावरच जातो.

नाश्त्याचंही तसंच. पुष्कळ टूर सकाळी साडेसहाला बाहेर काढतात आणि साडेआठला गरम नाश्त्यासाठी परत आणतात. चहा चांगला मिळतो, सकाळ मोडते. 'नाश्ता बांधून द्या, आम्ही बाहेरच खाऊ' असं आधीच ठरवून घ्या. वहिनींना जमत असेल तर पहिल्या दोन-तीन सकाळींसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा फडक्यात बांधून स्टीलच्या डब्यातच. शाकाहारी जेवणाची चिंता करू नका, कॅम्पवर डाळ-भात-भाजी मिळते. 'महाराष्ट्रीय आचारी सोबत' या एका ओळीवर टूर निवडू नका.

हे सगळं मी तुमच्या परिस्थितीला धरून सांगतोय. कुणाला फोटोंत रस नसेल, हत्ती, गेंडे, फ्लेमिंगो, किलिमांजारो सगळं एकदा डोळ्यांखालून घालायचं असेल तर पाच ठिकाणांची टूर वाईट नाही. अंबोसेलीत 5,895 मीटरच्या किलिमांजारोसमोर हत्तींची रांग बघणं हे सुख मोठंच आहे. तुमच्यापैकी कुणाची कंबर किंवा मान दुखत असेल तर रस्त्याने मारा गाठण्याचा विचार पुन्हा करा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटी विमानं जातात, पण त्यांत सामान माणशी 15 किलो, तेही मऊ बॅगेत आणि हातातलं धरून. मोठी लेन्स नेणाऱ्याने ते आधीच वजन करून बघावं. माराला लागून मसाई लोकांच्या जमिनींवरची संरक्षित क्षेत्रंही आहेत, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ अशी. तिथे गाड्या मोजक्या, रस्ता सोडून जायला आणि रात्री फिरायला परवानगी. फोटोसाठी त्यांच्याइतकी चांगली जागा नाही, पण तुमच्या 10 लाखांत तिघांचं बसणार नाही.

विल्डबीस्ट या हरणकुळातल्या मोठ्या प्राण्याचे कळप मारा नदी ओलांडतात, त्याबद्दलही इथेच बोलतो. सप्टेंबर महिना चांगला निवडलात. 12-13 लाख विल्डबीस्ट वर्षभर सेरेंगेटी आणि मारात गोल फिरत असतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर त्यातले बरेच मारात असतात. पण अमुक दिवशी कळप नदीत उतरेल हे कुणीही सांगू शकत नाही. काठावर हजारो जमून, तीन तास उभे राहून, माघारी फिरलेले मी पाहिलेत. 'क्रॉसिंग नक्की दाखवू' म्हणणाऱ्या टूरवाल्याच्या बाकीच्या शब्दांवरही मी विश्वास ठेवणार नाही. दिवस जास्त असतील तर शक्यता वाढते, त्यापलीकडे कुणाच्या हातात काही नाही.

आता कॅमेरा. तुमचा डी5600 कामाचा आहे. 24 मेगापिक्सेल, 1.5 पटीचा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सर, त्यामुळे तुमची 70-300 लेन्स फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या हिशेबाने 105-450 चं काम करते. नव्या मिररलेसमध्ये एक फायदा निश्चित आहे: प्राण्याचा डोळा ओळखून फोकस त्यावरच धरून ठेवतो. मी स्वतः आता तोच वापरतो. पण तो हाताशी बसायला महिने लागतात. विमान सुटायच्या पंधरा दिवस आधी घेतलेला नवा कॅमेरा घेऊन आलेली माणसं मी पाहिलीत. समोर सिंहीण चाल करून निघते आणि ती मेनू शोधत असतात. तुमच्या कॅमेऱ्यात 39 फोकस पॉइंट आहेत, त्यांतले मधले नऊ क्रॉस-टाइप आहेत, सगळ्यात भरवशाचे. मधला एक पॉइंट, फोकस मोड एएफ-सी (हलत्या प्राण्यावर फोकस सतत धरणारा) आणि सरावलेलं बोट, एवढ्यावर मारातले बहुतेक फोटो निघतात.

भाड्याने दोन वस्तू घ्या. एक निकॉनची 200-500 एफ/5.6. तुमच्या बॉडीवर ती चालते, 300-750 चा पल्ला मिळतो आणि पूर्ण झूमलाही 5.6 च राहते, म्हणजे आत येणारा उजेड कमी होत नाही, पहाटेच्या उजेडात ते फार कामाचं. वजन 2.3 किलो आहे, ते लक्षात ठेवा. दुसरी वस्तू म्हणजे अजून एक निकॉन बॉडी, डी7500 किंवा डी500. चपळ प्राण्यांना त्या डी5600 पेक्षा बऱ्याच चांगल्या. मोठी लेन्स त्या बॉडीवर आणि 70-300 तुमच्या डी5600 वर कायम लावलेली, ती लेकीच्या हातात द्या. दोन बॉडी सांगण्याचं मुख्य कारण धूळ आहे. माळावर लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. सूर्यास्त, आकाश, गाडीसमोरून चाललेला हत्ती यांना मोबाइल पुरतो. वहिनींसाठी 8x42 ची चांगली दुर्बीण घ्या, ही मात्र विकतच. माझ्या गटांत झुडपातला प्राणी सगळ्यात आधी सापडतो तो कॅमेरा नसलेल्या, दुर्बीणवाल्या माणसाला.

पुण्यात आणि हैदराबादेत लेन्स भाड्याने देणारी दुकानं आहेत, परभणीहून दोन्हीकडे रेल्वेने जाता येतं. ठरवताना परदेशात न्यायची परवानगी, विमा आणि अनामत रक्कम हे तिन्ही कागदावर घ्या, आणि लेन्सच्या बिलाची प्रत मागून घ्या. जाताना विमानतळावर कस्टमकडून सीरियल नंबर टाकलेलं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परत येताना ही वस्तू परदेशात घेतली का, असा प्रश्न उरत नाही.

600 च्या लेन्सबद्दल अजून एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आपल्या भागातल्या माणसाला लगेच पटेल. एप्रिल-मे महिन्यात अकराच्या उन्हात रिकाम्या रानाकडे बघा, लांबचं झाड थरथरताना दिसतं. त्याच झळा मारात सकाळी साडेनऊ-दहानंतर जमिनीतून उठतात. शंभर मीटरवरचा सिंह त्या हवेतून टिपला की कितीही महाग लेन्स असो, केस पुसल्यासारखे दिसतात. लोक फोकस चुकला असं समजून लेन्सला दोष देतात. त्यावर उपाय दोनच, जवळ असणं आणि लवकर असणं. दोन्ही गाडीच्या आणि कॅम्पच्या हिशेबात येतात.

गाडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, बीनबॅग लागते. जुन्या जीन्सचा एक पाय शिंप्याकडून दोन्हीकडून शिवून घ्या, एका टोकाला चेन लावा. रिकामीच न्या, आत ज्वारी-सोयाबीन भरून नेऊ नका, धान्य-बियाणं विमानतळावर अडवतात. नैरोबीत किंवा वाटेवरच्या नारोक गावात दोन-अडीच किलो तांदूळ घेऊन भरा आणि निघताना ते कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या. खिडकीच्या किंवा छताच्या कडेवर ही पिशवी, तिच्यावर लेन्स, इंजिन बंद. चालणाऱ्या प्राण्याला शटर 1/500 सेकंद, धावणाऱ्याला 1/2000, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर 6400 पर्यंत मोकळा सोडा. दाणेदार फोटो चालतो, हललेल्याचं काही करता येत नाही.

बाकीचं पटकन. बॅटऱ्या प्रत्येक बॉडीला तीन, त्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. बऱ्याच कॅम्पवर वीज ठराविक तासच असते, आणि प्लग तीन चपट्या पिनांचा लागतो. डी5600 मध्ये कार्डाची खाच एकच आहे, म्हणून एक मोठं कार्ड नेण्यापेक्षा चार मध्यम कार्डं न्या आणि रोज रात्री हार्ड डिस्कवर उतरवा. स्वेटर न्या, मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, उघड्या छताच्या गाडीत पहाटे हुडहुडी भरते. दुपारनंतर पावसाची सर येऊ शकते. तिथेही आपल्यासारखीच काळी माती आहे, ओली झाली की चाकाला गोळे धरते. मिनीव्हॅन अशा वेळी रुतते, फोर-बाय-फोर लँड क्रूझर बहुतेक वेळा निघते. गाडीच्या बाजूने माझं हे अजून एक कारण समजा.

सप्टेंबरला अजून आठ महिने आहेत. आता जानेवारी, रब्बी उभी आहे. पहाटे हुरड्याच्या दिवसांत तुमच्या भागात काळवीट शिवारात असतात. शेतमालकाला विचारून, गाडी रस्त्यावरच उभी करून, खिडकीत बीनबॅग ठेवून 70-300 ने सराव करा. कळपाच्या मागे पिकात शिरू नका. काळविटाची उडी ज्याला जमली त्याला गझेल जमते. कृषी विद्यापीठाच्या शिवारात वेडे राघू, कोतवाल, नीलपंख यांच्या उडत्या फोटोंचा सराव होईल. मारात दिसणारा लिलॅक-ब्रेस्टेड रोलर हा नीलपंखाचाच भाऊबंद, उडतोही तसाच. पुण्याहून 200-500 दोन दिवसांसाठी आधी एकदा आणा आणि नाथसागरावर पैठणला जा, थंडीत तिथे फ्लेमिंगो आणि बदकं असतात. 2.3 किलो तासभर पेलतंय का, ते तिथेच कळेल. पेललं नाही तर मोठी लेन्स रद्द करा आणि 70-300 वरच जा. मी ते मनापासून सांगतोय, तुमचे दिवस चांगले असतील तर तेवढ्यावरही भागेल.

आता दोन्ही टूरवाल्यांना एकच ईमेल पाठवा आणि उत्तर लेखी मागा. गाडी कोणती, जास्तीत जास्त किती जण, खिडकीची हमी आहे का. मारात पूर्ण दिवस किती, कॅम्पचं नाव काय. प्रवेश तिकिटं धरली आहेत का आणि किती. दिवसभर बाहेर राहिलं, जेवण बांधून नेलं तर चालेल का, किलोमीटरची मर्यादा आहे का. रद्द केलं तर किती परत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, केनियात प्रत्यक्ष गाड्या कुणाच्या? आपल्याकडचे बरेच टूरवाले नैरोबीच्या कंपनीला काम देतात. त्यात गैर काही नाही, पण तिचं नाव कळलं पाहिजे, म्हणजे ती केनियाच्या टूर ऑपरेटरांच्या संघटनेत, काटोमध्ये, आहे का ते तपासता येतं. पैसे कंपनीच्या खात्यातच भरा, जीएसटीचं बिल घ्या. परदेशी टूरवर टीसीएस (टूरवाल्याने आगाऊ घेतलेला आयकर) कापतात, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना धरता येतो, तेव्हा तो खर्च समजू नका.

पासपोर्टची मुदत, ऑनलाइन ईटीए (केनियात शिरण्याची परवानगी) आणि पिवळ्या तापाची लस ही तीन कामं जुलैतच संपवा. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, अधिकृत केंद्रातच, आणि पिवळं कार्ड परतताना हाताशी ठेवा. ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तीन लाखांची टूर धरली तर तुमच्या हातात एक लाख उरतो. लेन्स-बॉडीचं भाडं, दुर्बीण, कार्डं, विमा, लस आणि गाइडची टिप यांना तो पुरावा. ईमेलची उत्तरं आली की दोन्ही मला पाठवा. कॅम्पची जागा आणि फाटकापर्यंतचं अंतर मी बघून सांगतो.